अक्कलदाढ आणि लेसरचा किरण

१ मे १९६० रोजीं बुलढाणा जिल्हा नव्या महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. त्यानंतर पंधराच दिवसांनीं, १६ मे रोजीं, अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं कृत्रिम माणकाच्या कांडींतून पहिला लेसर किरण काढला. पुढें १९६७ मध्यें बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनीं तसाच सौम्य किरण उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर सोडला, तों तेथें केंस लवकर उगवले. त्या अनपेक्षित फळांतून जखम भरविणाऱ्या या उपचाराचा उगम झाला.

आज तो अक्कलदाढ काढल्यावरही योजतात. साधारण १७ ते २५ या वयांत येणारी ही दाढ जागा न मिळाल्यास जबड्यांत आडवी अडकते. ती काढल्यावर दोन-तीन दिवस सूज चढते, तोंड उघडत नाहीं. घाटाखालीं कापूस वेचणाऱ्या बाईला भाकरी चावत नाहीं आणि मजुरीही बुडते. तांबडा किंवा अदृश्य अवरक्त किरण पेशींच्या ऊर्जानिर्मितीस चालना देतो, असें शास्त्रज्ञ मानतात.

मात्र प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहींत. कांहींत सूज आणि जबड्याचें आखडणें कमी झालें, कांहींत विशेष फरक दिसला नाहीं. तेव्हां लेसर ही औषधाची जोड होय, त्याचा पर्याय नव्हे. गाडीभाडें आणि बुडालेली मजुरी मोजणाऱ्यानें आधीं कुशल हात आणि स्वच्छ शस्त्रक्रिया शोधावी; किरणाचा विचार त्यानंतर करावा.