फिट्स थांबल्या, तरी ओटीपी का विसरतो? मिरगी आणि ‘वर्किंग मेमरी’चं नातं

ओटीपी वाचला, ॲप बदललं आणि तेवढ्यात आकडे डोक्यातून गेले. असं कधीतरी सगळ्यांचंच होतं. मिरगी म्हणजे अपस्मार असलेल्या अनेकांना मात्र हा त्रास रोजचा असतो. वर घरच्यांचं ऐकावं लागतं, "लक्ष कुठे असतं तुझं?"

माहिती काही सेकंद डोक्यात धरून तिच्यावर काम करणं, ही वर्किंग मेमरी. लहानपणच्या आठवणींपेक्षा ही वेगळी.

किती वेगळी? अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्या मिरगीवर उपाय म्हणून 1953 मध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नव्या आठवणी साठणंच थांबलं. तरीही 584 हा आकडा मनात घोळवत ते काही मिनिटं लक्षात ठेवू शकत. लक्ष दुसरीकडे गेलं, की आकडा गायब!

त्यामुळे वर्किंग मेमरीचा हिप्पोकॅम्पसशी फारसा संबंध नाही, असं बरीच वर्षं मानलं गेलं. मेंदूच्या स्कॅनमधून दिसलेलं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. आकडे लक्षात ठेवताना कपाळामागचा आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा भाग मिळून काम करतात. त्याच वेळी, आपण विचारांत हरवतो तेव्हा जागं असणारं ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ शांत व्हावं लागतं. हिप्पोकॅम्पस या दुसऱ्या नेटवर्कशी जोडलेला आहे. टेम्पोरल लोबच्या मिरगीत तो काम करताना पुरेसा शांत होत नाही, असं काही अभ्यासांत दिसलंय. थोडक्यात, मीटिंग सुरू आहे आणि शेजारच्या खोलीतला टीव्ही कोणी बंदच करत नाहीये.

अर्थात हे फरक रुग्णांच्या गटांची तुलना करताना दिसतात. एकट्याच्या एमआरआयवरून त्याची स्मरणशक्ती सांगता येत नाही.

दोष फक्त नेटवर्कचाही नसतो. दोन फिट्सच्या मधल्या काळातही मेंदूत क्षणभर विद्युत गडबड होऊ शकते. झोप, नैराश्य यांचाही वाटा असतो. आणि औषधं! टोपिरामेटमुळे काहींना शब्द पटकन सुचत नाहीत.

म्हणून विसरभोळेपणा कधी सुरू झाला, गोळी किंवा डोस बदलल्यानंतर वाढला का, हे लिहून ठेवा आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा. गरज वाटली तर ते स्मरणशक्तीची चाचणी सुचवतात किंवा औषध बदलतात. स्वतःहून गोळ्या बंद करू नका, त्याने फिट्स वाढू शकतात.