गळ्यातला ताईत
अंधेरीत सिनेमा-मालिकावाल्यांची वस्ती दाट, त्यामुळे ‘प्रेक्षकांच्या गळ्यातले ताईत’ इथे गल्लोगल्ली भेटतात. शब्द मात्र अरबी ‘तअवीझ’वरून आलेला, मूळ धातूचा अर्थ आसरा मागणे. हिंदीत त्याचा ताबीज झाला, मराठीत झिजून ताईत. चिमुकली नळी, आत मंत्राचा कागद, तोंडाला लाख, वर काळा दोरा.

बाळाच्या गळ्यातलं वाघनख याहून जुनं, संस्कृतातलं व्याघ्रनख. तिथे कागदाचं काम नाही, थेट जनावरच! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं खरं नख बाद केलं. आता सोन्यात मढवतात ते बहुधा नकली. वाघाला दिलासा; दृष्ट काढणाऱ्या आजीची तक्रार नाही.

प्राचीन इजिप्तमध्ये ताइताला ‘मेकेत’ म्हणत, म्हणजे रक्षण करणारा. ससाणा, मांजर, पाणघोडा, आणि सगळ्यांवर ताण म्हणजे शेणकिडा. दगडात कोरलेला हा किडा ममीच्या छातीवर ठेवत, मागे मंत्र कोरून. परलोकात न्यायनिवाडा होताना माणसाच्या हृदयानंच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ नये, एवढ्यासाठी. वकिलापेक्षा स्वस्त पडत असावा.