फडाचा कायदा

पाणी आणि माती राखणारा कायदा म्हटला की लोकांना काळा कोट आठवतो. मला मात्र खांद्यावर फावडे टाकलेला पाटकरी आठवतो.

खानदेशात पांझरेकाठी आणि शेजारच्या बागलाणात मोसमकाठी तीन-चारशे वर्षे फडपद्धत नांदली. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड. एका फडात सर्वांचे एकच पीक. यंदा ऊस, तर पुढे भुसार. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे नदी आटली आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तर झळ सर्वांनाच सारखी. हे कोणा शिकलेल्याला सुचले नसते, असे मला मास्तर असूनही वाटते! पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी. जास्तीचे पाणी चरांतून पुन्हा नदीला मिळे; म्हणून माती चिबडत नसे, खारावत नसे.

मग विहिरींना मोटारी बसल्या आणि ज्याची मोटार त्याचे पाणी झाले. १९९३ साली महाराष्ट्राने कायदा केला: पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये. २००९ च्या कायद्याने शेतीसाठी आणि कारखान्यांसाठी ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींना मनाई केली.

कलमे चांगलीच आहेत. पण मध्यरात्री बोअरची गाडी शिवारात शिरते, तेव्हा टेप धरायला कोण जातो? फडावर त्या वेळी जागल्या जागा असे, आणि चारी फोडणाऱ्याला तो खोकल्यावरून ओळखी.