ऊसबिल आणि जिनिव्हाचा निकाल

आमच्या चिकोडी भागात लग्नाची तारीख मुहूर्ताआधी ऊसबिल बघून ठरते. 2018-19 च्या हंगामात बिल लांबलं, तेव्हा आत्ती म्हणाल्या होत्या, "भांगलायला आम्ही, आणि पैशाची वाट बघायलाबी आम्हीच." त्या वर्षी देशभर गोदामांत साखर पडून होती. सरकारनं ती बाहेर विकायला कारखान्यांना पैसे दिले. त्यावर 2019 च्या फेब्रुवारी-मार्चात ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेकडं गेले.

निर्यातीच्या मदतीवरची त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. पण त्यांनी उसाच्या दरावरही बोट ठेवलं! तेव्हा एफआरपी क्विंटलला 275 रुपये होती. भारताचं म्हणणं, हे पैसे कारखाने देतात, सरकार नाही. 14 डिसेंबर 2021 ला पंचांनी ते मानलं नाही. दर सरकारनं बांधून दिला, म्हणजे आधार दिलाच. खिसा कुणाचा, हे गौण. शिवाय तुलना 1986-88 च्या किमतीशी. तेव्हाचा दर धरून आज घर चालवून दाखवा म्हणावं!

भारतानं दहाच दिवसांत अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळ 2019 च्या डिसेंबरापासून बंद. अमेरिका नवे न्यायाधीश नेमूच देत नाही. कागद तिथंच अडकला.

तोवर इकडं वाट बदलली होती. जास्तीची साखर परदेशी ढकलण्याऐवजी उसाचं इथेनॉल करून पेट्रोलात मिसळायचं. ब्राझील हे 1975 पासून करतोय. तक्रार करणाराच गुरू झाला म्हणायचा. 2018 पासून सरकारनं इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावर व्याजसवलत दिली. 2021-22 ला रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला 63.45 रुपये दर होता. जून 2022 मध्ये देशात दहा टक्के मिश्रण झालं. धूर कमी, तेलाची आयात कमी, असं सांगितलं गेलं. ते खरंही आहे. पण ऊस पाणी किती पितो, हे उन्हाळ्यात बोअर आटलेल्या घरातल्या बाईला विचारावं.

9 सप्टेंबर 2023 ला दिल्लीत भारत-ब्राझील एकाच जैवइंधन आघाडीत बसले. त्या वर्षी पाऊस कमी झाला, आणि 7 डिसेंबरला केंद्रानं रसाचं इथेनॉल थांबवलं. साखर पुरायला हवी म्हणून. आठवड्याभरात थोडी सूट मिळाली.

मी ही बातमी वाचून दाखवली. आत्तींनी एवढंच विचारलं, "मग बिल कधी?"