अणुयुगातील निवारे आणि नागरी संरक्षण : अमेरिका व स्वित्झर्लंड यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांनी रणभूमी आणि नागरी वस्ती यांतील सीमारेषा पुसून टाकली. १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी ही शहरे उद्ध्वस्त झाली आणि १९४९ मध्ये सोव्हिएत रशियानेही अणुचाचणी केली. सामान्य नागरिकाचे रक्षण राज्यसंस्थेने करावयाचे की ज्याचे त्याने, हा प्रश्न त्यानंतर तीव्र झाला. या प्रश्नाला दोन राष्ट्रांनी दिलेल्या उत्तरांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धोक्याचे बदललेले स्वरूप :
अमेरिकेत १९५१ च्या सुमारास नागरी संरक्षणाचा भर स्फोटापासून बचावावर होता. शाळकरी मुलांना बाकाखाली लपण्याचे धडे दिले जात. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर झालेल्या १५ मेगाटन क्षमतेच्या चाचणीने ही कल्पना अपुरी ठरविली. किरणोत्सारी धूळ दूरवरच्या राँगेलॅप बेटावरील रहिवाशांवर आणि एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. स्फोटापासून दूर असणाराही सुरक्षित नाही, हे यातून सिद्ध झाले.

मात्र या धुळीचा किरणोत्सर्ग काळाबरोबर वेगाने घटतो. स्फोटानंतरचा काळ सातपट झाला की त्याची तीव्रता सुमारे एकदशांश होते. म्हणजे पहिल्या तासाच्या तुलनेत दोन दिवसांनी ती शंभरावा आणि दोन आठवड्यांनी हजारावा हिस्सा उरते. माती वा काँक्रीटच्या जाड आवरणाखाली सुमारे दोन आठवडे राहण्याची कल्पना या गणितावर आधारलेली होती.

अमेरिकेचे धोरण :
१९५७ च्या गेदर समितीने निवाऱ्यांसाठी सुमारे २५ अब्ज डॉलरची शिफारस केली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ती स्वीकारली नाही. १९५८ च्या धोरणाने सरकारची भूमिका मुख्यतः माहिती व मार्गदर्शन यांपुरती ठेवली, तर निवारा बांधण्याची जबाबदारी कुटुंबावर टाकली. परिणामी ज्याचे स्वतःचे घर व अंगण, त्यालाच निवारा शक्य झाला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शहरी गरिबाला या धोरणात स्थान नव्हते.

बर्लिनच्या पेचप्रसंगात, २५ जुलै १९६१ रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नागरी संरक्षणासाठी २० कोटी ७० लाख डॉलरची मागणी केली. अस्तित्वातील इमारतींमधील तळघरांची पाहणी होऊन सार्वजनिक निवाऱ्यांवर पिवळ्या-काळ्या पाट्या लागल्या. त्याच वर्षी, निवाऱ्यात शिरू पाहणाऱ्या शेजाऱ्यावर बंदूक रोखणे नैतिक आहे काय, असा वाद नियतकालिकांतून रंगला. संरक्षण ही खाजगी मालमत्ता ठरली की शेजारधर्मच संकटात येतो, हे त्या वादाने उघड केले. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर जनतेची आस्था ओसरत गेली.

स्वित्झर्लंडचे धोरण :
तटस्थ स्वित्झर्लंडने वेगळा मार्ग निवडला. १९६३ च्या कायद्याने नव्या इमारतींत निवारा बांधणे बंधनकारक झाले. पुढे प्रत्येक रहिवाशाला निवाऱ्यात जागा हे सूत्र स्वीकारले गेले आणि आज तेथील जागा लोकसंख्येहून अधिक आहेत. या व्यवस्थेलाही मर्यादा होत्या. ल्यूसर्न येथील सोनेनबर्ग बोगद्यात १९७६ मध्ये २०,००० लोकांची सोय केली गेली. परंतु एवढ्या जनसमुदायाची व्यवस्था राखणे अवघड असल्याचे दिसून आले आणि २००६ मध्ये ही क्षमता २,००० वर आणण्यात आली.

समारोप :
निवाऱ्यांमुळे अणुयुद्धात किती माणसे वाचली असती, हे सुदैवाने तपासावे लागले नाही. महाबाँबच्या थेट माऱ्यापुढे दोन्ही देशांतील सामान्य तळघरे निरुपयोगीच ठरली असती. तरीही या इतिहासाचे महत्त्व कमी होत नाही. धोका समान असला तरी संरक्षणाचे वाटप समान असतेच असे नाही आणि ते कसे असावे हा अभियांत्रिकीचा नव्हे, तर राजकीय निर्णयाचा विषय असतो. निवाऱ्याच्या भिंतीची जाडी शास्त्राने ठरविली, परंतु त्याचे दार कोणासाठी उघडावयाचे हे समाजानेच ठरविले.