जावई आणि झेनॉन

सासुरवाडीला जाताना गाडीचा एक डोळा गेला तर जावयाची इभ्रत किती उरते, हा प्रश्न आमच्यापुरता कायमचा निकालात निघालेला आहे. अजिबात उरत नाही. श्रावण संपत आला होता, पाऊस मात्र संपायला तयार नव्हता. वडखळ सोडून पुढे आलो आणि डावा दिवा आधी गुलाबी झाला, मग थरथरला आणि विझला. कासूला पोचलो तेव्हा अंगणात कंदील घेऊन उभ्या असलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, मोटरसायकल कधी घेतलीत?"

सासरे एस.टी.तले निवृत्त ड्रायव्हर. मुंबई-गोवा रस्त्यावर त्यांनी इतक्या रात्री काढल्या आहेत, की वळण कुठे आहे हे त्यांना डोळ्यांआधी कमरेला कळतं. अशा माणसापुढे मी गेली दोन वर्षं माझ्या सेकंडहँड पण विलायती गाडीच्या झेनॉन दिव्यांची तारीफ करत आलो होतो. त्यात महिन्याभरापूर्वी मी दोन्ही बल्ब स्वतःच्या हातांनी बदलले होते. जोडीनं बदलायचे असतात, कारण जुना बल्ब रंग बदलत जातो आणि नव्याशेजारी शोभत नाही, हेही मी त्यांना फोनवरून ऐकवलं होतं. आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी इतिहासाचा आश्रय घेतला. वर्तमान अडचणीत असला की शिकलेला माणूस दुसरं काय करणार?

"मामा, झेनॉन म्हणजे काय माहीत आहे का? ग्रीक भाषेत परका. किंवा पाहुणा."

"म्हणजे जावईच की," सासरे म्हणाले.

१८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी द्रवरूप हवेतून एकेक वायू वेगळा काढायचा सपाटा लावला होता. त्यात अगदी तळाशी हा वायू सापडला. कोणाशी सहसा बोलत नाही, संयोग पावत नाही, आणि नाव पडलं परका. गंमत अशी, की मुंबईत पहिल्या चार मोटारी आल्या त्याही १८९८ सालीच, आणि त्यांतली एक जमशेटजी टाटांची, असं सांगतात. पण मोटार आणि झेनॉन यांची सोयरीक जमायला १९९१ साल उजाडावं लागलं. त्र्याण्णव वर्षं! आमच्याकडे पत्रिका जुळवायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही.

मधल्या काळात मोटारींनी काय काय उजेड पाडला, ते पाहण्यासारखं आहे. आधी घोडागाडीचेच रॉकेलचे कंदील. त्यांचा उपयोग आपल्याला दिसावं यापेक्षा आपण दिसावं एवढाच. मग आला कार्बाइडचा दिवा. वरच्या टाकीतून पाणी थेंब थेंब खाली पडायचं, कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघायचा, त्याची पांढरीशुभ्र ज्योत आणि मागे आरसा. पुढे हेच कार्बाइड काही व्यापाऱ्यांनी आंबे पिकवायला वापरलं. म्हणजे आजोबांनी ज्याच्यावर रस्ता पाहिला त्याच्यावर नातवाला हापूस खाऊ घातला, आणि दोघांच्याही वाट्याला शेवटी वासच आला.

१९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला बॅटरीवरचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकदमच आले. ड्रायव्हरला लांबवरचं दिसू लागलं आणि त्याच मुहूर्तावर समोरच्याला दिसेनासं झालं. माणसाच्या प्रगतीचं हे असं असतं. त्यावर तोड म्हणून १९२०च्या दशकात जर्मनीत एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या. एक लांबचं दाखवणारी, एक मान खाली घालणारी. हाच आपला डिपर.

इथे सासऱ्यांचा चेहरा उजळला. "आमच्या जुन्या गाड्यांत डिपरचं बटण पायाखाली असायचं. समोरून गाडी आली की डावा पाय आपोआप दाबायचा. घरी झोपेतसुद्धा दाबायचा. विचारा हिला." सासूबाईंनी आतून भांडं आपटून दुजोरा दिला.

"आणि पासष्ट सालच्या लढाईत?" मी विचारलं.

"तेव्हा दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा. एकाहत्तरलाही तसंच. अर्ध्या उजेडात माणसं घरी पोचवली. एक खरचटला नाही."

हे माझ्या पूर्ण, पण अर्ध्याच चालणाऱ्या, दिव्यांना उद्देशून होतं. मी घाईनं पुढे सरकलो. १९६२ साली युरोपात हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ साली त्यातच दोन तारांचा एच-फोर. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांनी त्याच्यावरच संसार केला. झेनॉनमध्ये मात्र तारच नाही. दोन टोकांमध्ये वीस हजारांहून जास्त व्होल्टचा झटका बसतो आणि वीज उडी मारते. पहिल्या क्षणी प्रकाश देतो तो झेनॉन. पण काही सेकंदांत आतले धातूंचे क्षार तापून वायुरूप होतात आणि खरं तेज पडतं ते त्यांचं. नाव पाहुण्याचं, राबतात घरचे. पंचावन्न वॅटच्या हॅलोजनपेक्षा पस्तीस वॅटचा हा दिवा दुप्पट उजेड देतो.

"जळला तर," सासरे म्हणाले आणि उठले.

सकाळी मिस्त्री आले. बल्ब विकणाऱ्यानं मला फसवलं, असं मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दिवे बंद आहेत ना ते पाहिलं, बॅटरीची तार सोडवली आणि डावा बल्ब उजवीकडे, उजवा डावीकडे केला. मदत म्हणून उजवीकडचा मीच बसवला, काचेला बोट न लावता. तार जोडली. दिवे लावले तर उजवा झकास, डावा तसाच मुका.

"शेट, बल्ब नाय गेला. चोक गेलाय," मिस्त्री म्हणाले. ट्यूबलाइटला चोक असतो तसाच झेनॉनलाही असतो. वीस हजारांचा झटका देतो तो हाच. त्यांनी चोक उघडून उलटा धरला. तांब्याभर नाही, पण आचमनापुरतं पाणी निघालं. "पानी गेला आत. याचा मागचा रबरी झाकन कुठंय?"

ते झाकण डिकीत होतं. महिन्यापूर्वी बल्ब बदलून झाल्यावर उरलं होतं. जास्तीचा भाग म्हणून मी जपून ठेवलं होतं.

मिस्त्रींनी पेणहून जुना चोक आणून बसवला. संध्याकाळी दोन्ही दिवे पेटले. मी सासऱ्यांना शेजारी बसवलं आणि मिरवायला निघालो. असा लख्ख उजेड, की आंब्याच्या शेंड्यावरची वटवाघळं मोजता यावीत. दिव्यानं शेंडा कशाला दाखवावा, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वळणावर समोरून एक जण चालत येत होता. डोक्यावर पेणचा गणपती, रुमालानं तोंड झाकलेला. उजेड अंगावर पडताच तो जागच्या जागी थांबला. एक हात मूर्तीवरून काढून त्यानं डोळ्यांवर धरला. मूर्ती कलली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेला चर. मी ब्रेक दाबला. सासऱ्यांनी हात लांब करून दिवे पार विझवले.

काळोखात पावसाचा आवाज तेवढा राहिला. मग सासरे खाली उतरले, मूर्तीला दुसरा हात लावला आणि टॉर्चच्या उजेडात त्याला गाडीच्या पलीकडे सोडून आले. परत बसल्यावर एक अक्षर बोलले नाहीत. शिव्या परवडल्या असत्या.

दोष उजव्या दिव्यात होता. बल्बच्या बुडाला खाच असते, ती नेमकी जागेवर बसली नाही तर डिपरचा उजेडही वर उधळतो. ती मी बसवली नव्हती. युरोपात अशा प्रखर दिव्यांना आपोआप मान खाली घालणारी योजना सक्तीची केली ती उगीच नव्हे. आपल्याकडे १९८९च्या मोटार वाहन नियमांत सांगितलं आहे, की दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला ते दिपवता कामा नयेत. सासऱ्यांची उंची पाच फूट तीन इंच. डोळे बरोबर दीड मीटरवर. सरकारनं तो नियम त्यांना समोर उभं करूनच लिहिला असावा.

घरी आल्यावर ते अंगणात आठ पावलं मोजून उभे राहिले, डोक्यावर छत्री धरून. मी बल्ब काढला, खाच चाचपली, तारेची क्लिप लावली आणि रबरी झाकण, हो, झाकणही घट्ट बसवलं. दिवे लावले. उजेड त्यांच्या गुडघ्यांवर पडला आणि तिथेच थांबला. मी गाडीशेजारी उभा राहून विचारलं, "आता काय दिसतंय, मामा?"

त्यांनी जरा निरखून पाहिलं.

"आता जावई दिसला," ते म्हणाले. "इतके दिवस नुसता उजेडच येत होता."