अर्धं पान

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून करतो.

तीन वर्षांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. चार दिवसांत घरी आले. हात-पाय शाबूत, बोलणं स्वच्छ. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नशीब थोर! मग जेवताना एक गंमत दिसायला लागली. म्हणजे तेव्हा ती गंमतच वाटली. पानातली उजवीकडची भाजी, आमटी संपायची आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. आई विचारायची, "अहो, चटणी नको होती का?" बाबा म्हणायचे, "वाढलीस कुठे?" यावरून रोज वाद. मग पेपर वाचताना त्यांना मथळे अर्धवट दिसू लागले, आणि "हल्ली कसंही छापतात" म्हणून त्यांनी पेपर बंद करायला लावला. दोनदा नवा चष्मा केला. आम्ही आपसात हळू आवाजात म्हणायला लागलो की डोक्यावर परिणाम झालाय.

चार महिन्यांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाबांना समोर बसवलं, "माझ्या नाकाकडे बघा" म्हणाल्या आणि आपली बोटं दोन्ही बाजूंना हलवली. दोन मिनिटं लागली असतील. डावीकडची बोटं बाबांना दिसतच नव्हती. डावा डोळा झाकला तरी नाही, उजवा झाकला तरी नाही.

इथे थोडं शरीरशास्त्र सांगायलाच हवं. आपल्याला वाटतं डावीकडचं डावा डोळा बघतो. तसं नाही. दोन्ही डोळे दोन्हीकडचं बघतात, पण डावीकडच्या दृश्याची सगळी माहिती उजव्या मेंदूच्या मागच्या टोकाला जाते, आणि उजवीकडची डाव्या मेंदूकडे. तिथला रक्तपुरवठा तुटला की दोन्ही डोळ्यांचं तेवढं अर्धं जग जातं. डोळे ठणठणीत, चष्म्याचा काही संबंध नाही. आपण 'अर्धांगवायू' म्हणतो, पण अंग म्हणजे आपल्याला हात-पायच आठवतात. नजरही अर्धी जाऊ शकते, हे डोक्यातच येत नाही.

आणि चष्म्याच्या दुकानात जाणारे आम्हीच पहिले नव्हतो. ऑक्टोबर १८८७, पॅरिस. एका सुशिक्षित, सुखवस्तू गृहस्थांना अचानक लक्षात आलं की आपल्याला एक शब्दही वाचता येत नाही. वैद्यकाच्या इतिहासात ते 'श्रीयुत सी' म्हणून ओळखले जातात. त्यांनाही वाटलं की चष्मा बदलावा लागणार, म्हणून ते लान्डोल्ट नावाच्या नेत्रतज्ज्ञाकडे गेले. तिथून ते पोचले ज्यूल देजेरिन या मेंदूतज्ज्ञापर्यंत. सी बोलत होते, आकडे ओळखत होते, पत्ते खेळत होते. पत्रं लिहीत होते! फक्त स्वतः लिहिलेलं पत्र त्यांना वाचता येत नव्हतं. ए हे अक्षर त्यांना चित्रकाराच्या घोडीसारखं दिसायचं, झेड सापासारखं, पी बकलसारखं. नेहमीचं वर्तमानपत्र समोर धरलं तर त्याच्या रूपावरून ते कोणतं ते सांगायचे, आत काय लिहिलंय ते नाही. मात्र बोटाने अक्षर गिरवलं की ते ओळखू यायचं.

चार वर्षं ते असे जगले. बायको त्यांना वाचून दाखवायची. जानेवारी १८९२ मध्ये दुसरा झटका आला, लिहिणंही गेलं आणि थोड्याच दिवसांत ते वारले. देजेरिनने मेंदू तपासला, तेव्हा जुनी इजा डाव्या मेंदूच्या मागच्या भागात सापडली. सींची उजवीकडची नजर त्यामुळेच अधू झाली होती. डावीकडचं दिसत होतं, पण उजव्या मेंदूत पोचलेलं ते दृश्य डाव्या बाजूच्या भाषेच्या केंद्रापर्यंत नेणारी वाटही तुटली होती. मला या हकिगतीत सींपेक्षा त्यांची बायकोच जास्त दिसते. चार वर्षं रोज मोठ्याने वाचायचं. पुनर्वसन हा शब्द तेव्हा तिथे कोणी वापरला नसेल, पण ती करत होती ते दुसरं काय होतं?

मेंदूतला हा नकाशा बारकाईने काढला तो मात्र युद्धाने. १९०४-०५ चं रशिया-जपान युद्ध. रशियन रायफलींच्या गोळ्या लहान आणि वेगवान होत्या. कवटीचा चुराडा न करता त्या आरपार जायच्या, आणि पुष्कळ सैनिक वाचायचे. तात्सुजी इनोये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे सरकारी काम होतं की कोणाची दृष्टी किती गेली ते मोजायचं, म्हणजे पेन्शन ठरवता येईल. आता हे काम कोणीही कारकुनासारखं उरकलं असतं. इनोयेने कवटीवरची जखम नेमकी मोजायचं एक यंत्र बनवलं, गोळी कुठून शिरली, कुठून निघाली यावरून मेंदूतली तिची वाट काढली, आणि कोणाचा दृष्टीचा कोणता तुकडा गेलाय ते त्या वाटेशी ताडून पाहिलं. १९०९ मध्ये त्याचं पुस्तक जर्मनीत छापलं गेलं, त्यात २९ सैनिक आहेत. आपण ज्या मधल्या बिंदूने वाचतो, त्याला मेंदूत जागा सर्वांत जास्त लागते, हेही त्याने ताडलं होतं. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्सने ब्रिटिश सैनिकांवरून हाच नकाशा आणखी पक्का केला. पुस्तकांत नाव बहुधा होम्सचं येतं. इनोयेचं पुस्तक इंग्रजीत यायला २००० साल उजाडलं.

पण नकाशा काढून सैनिकाला काय मिळालं? पेन्शन. पुढचं पाऊल टाकलं कोलोनमध्ये वाल्टर पॉपेलरॉयटरने. हा माणूस पुढे नाझी पक्षात गेला, तेही सांगून ठेवतो. पण १९१७ च्या त्याच्या पुस्तकात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांची तपासणी आहे, तशी त्यांना परत कामाला लावण्याची धडपडही आहे. अनेक वस्तू विखुरलेला एक फलक समोर ठेवायचा, एक वस्तू दाखवायची आणि तशीच दुसरी शोधायला लावायची. वेळ मोजायचा. अर्धी नजर गेलेला माणूस सुरुवातीला फार चाचपडतो, कारण त्याची नजर दिसणाऱ्या बाजूलाच घोटाळत राहते.

आजच्या उपचारांचा गाभा मला तरी तोच वाटतो. पहिल्या काही महिन्यांत थोडी नजर आपोआप परतू शकते. त्यानंतर गेलेला भाग व्यायामाने परत आणण्याचे दावे झाले, यंत्रं विकली गेली, पण डोळ्यांची हालचाल काटेकोर धरून मोजलं तेव्हा फारसं काही हाती लागलं नाही. टिकलं ते साधं काम. आंधळ्या बाजूकडे मुद्दाम, मोठ्या उडीने नजर टाकायची सवय. उजवी बाजू गेलेल्यांना ओळीतला पुढचा शब्द दिसत नाही, म्हणून वाचन रखडतं. त्यांच्यासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 'रीड-राइट' नावाचं मोफत साधन केलं. त्यात मजकूर उजवीकडून डावीकडे सरकत जातो, आपल्या बातम्यांच्या चॅनलवर खाली पट्टी पळते ना, तसाच.

बाबांची अडचण उलटी होती. वाचन चालायचं, पण पुढच्या ओळीची सुरुवात सापडायची नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारा. रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायला लागायचं. आईने फूटपट्टीला लाल चिकटपट्टी लावून दिली. शोधायच्या व्यायामासाठी बाबांनी स्वतःच पत्ते काढले. पन्नास-एक पत्ते टेबलावर पसरायचे आणि एक्का ते राजा क्रमाने उचलायचे. पहिल्या दिवशी सगळे पत्ते उजवीकडचेच गेले, आणि उरलेले "हरवले" म्हणून ते माझ्यावर चिडले.

सगळ्यात भीती होती रस्त्याची. आपल्याकडे पहिल्या अर्ध्या रस्त्यावर गाड्या उजवीकडून येतात, त्या बाबांना दिसायच्या. दुभाजक ओलांडला की त्या डावीकडून येतात. आम्ही चष्मे बदलत बसलो त्या चार महिन्यांत ते रोज असा रस्ता ओलांडून दूध आणत होते. स्कूटरची किल्ली आईने लपवली होती, दुधाच्या पिशवीचा विचार कोणी केला नव्हता. एकदा तर रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि शिव्या घातल्या. बाबांनी घरी येऊन सांगितलं ते इतकंच की रिक्षावाले माजलेत.

आता ते दुभाजकावर थांबतात, अख्खं डोकं डावीकडे फिरवतात, मोठ्याने "एक, दोन, तीन" मोजतात आणि मग निघतात. बघणाऱ्यांना ते विचित्र वाटतं. मी बरोबर असलो तर मीही मोजतो. पेपर पुन्हा सुरू केलाय, वाचायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. आणि आई आता चटणी उजवीकडे वाढते. बाबा कुरकुरतात, पान चुकीचं वाढलंय म्हणून.